अवधूताचे चार गुरू आणि व्यसनाचा गळ

श्री गुरुदेव दत्त.

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, अकरावा स्कंध, अध्याय 7 ते 9. मराठीतून वाचायचं असेल तर एकनाथी भागवतातले हेच अध्याय काढा. नाथांनी ही टीका 1573 साली काशीत पूर्ण केली.

प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. यदुराजाला रानात एक अवधूत भेटतो. अंगावर काही नाही, घरदार नाही, आणि चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नाही. राजा विचारतो, हे कुठून आलं? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मासा, कोळी. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. आम्हा किनवटकरांना तर तो शेजारचाच वाटतो. दत्तप्रभू काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. माहूर आमच्यापासून तासा-दीड तासावर.

हे अध्याय वैराग्यासाठी वाचतात, ते बरोबरच आहे. पण मला त्यातले चार गुरू व्यसन समजून घ्यायला फार उपयोगी पडले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात, नात्यात किंवा रूमवर एक तरी माणूस असा आहे, ज्याच्याबद्दल आपण हळू आवाजात बोलतो. आजचं चिंतन त्याच्यासाठी आणि त्याच्यासोबत राहणाऱ्यांसाठी.

पहिला गुरू: मासा

चोवीसातला हा सोळावा. जिभेच्या ओढीने मासा गळाला लागतो. अवधूत म्हणतो, बाकीची इंद्रियं आवरली तरी जीभ आवरली नाही तोवर माणूस जितेंद्रिय नाही.

इथे एक गोष्ट नीट बघा. मासा गळ खायला येत नाही, तो आमिष खायला येतो. गळ त्याला दिसतच नाही. तो दिसतो तेव्हा आत रुतलेला असतो, आणि मग जितकी ओढाताण करावी तितका खोल जातो.

व्यसनाचं असंच आहे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आहे. भूक लागल्यावर जेवण, थकल्यावर शाबासकी, आपलं माणूस भेटणं, अशा वेळी ते स्रवतं आणि मेंदू नोंद करतो की हे पुन्हा कर. दारू, तंबाखू, गांजा, गर्द, नशेच्या गोळ्या ही नोंद खोटी करतात. काही न मिळवता मोठं बक्षीस मिळाल्याचा निरोप जातो. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटिन तर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. असं वारंवार झालं की मेंदू आपली पातळी बदलून घेतो. आधी एका पेगमध्ये जे व्हायचं त्याला तीन लागतात. पुढे तर मजेसाठी नाही, नुसतं हात न थरथरता चहाचा कप धरता यावा म्हणून प्यावी लागते.

म्हणून "मनात आणलं तर आज सोडेल, नाटकं करतो" हे वाक्य अर्धवट आहे. सुरुवात करताना त्याच्या मनाचा भाग होता. पण गळ रुतल्यावर निर्णय घेणारा मेंदूच बिघडलेला असतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हेच विचारतो ना, की इच्छा नसताना जबरदस्तीने ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? हजारो वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे. त्यात व्यसनी माणसाची सगळी व्यथा आहे. आणि भगवंत त्याला उत्तर देतात, त्याला हाकलून देत नाहीत.

आमच्या भागातली आमिषंही सांगतो, कारण "ड्रग्ज" म्हटलं की आपल्याला मुंबईची पार्टी आठवते. किनवटला एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला तेलंगणातलं आदिलाबाद. विदर्भाकडून खर्रा आला: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोळून. शाळेतल्या पोरांच्या खिशात पुडी असते. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण पुडी थांबली नाही. खर्रा-सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठर होते, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे आजच जा. बाकी मोहाची, शिंदीची, देशीची दारू आहेच. आणि मराठवाड्यातल्या शहरांत "बटन" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या. या मुळात झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, ज्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायलाच नकोत.

आणि एक आमिष खास आपल्यासारख्या भक्तांसाठी आहे. "गांजा म्हणजे भोलेनाथाचा प्रसाद" अशा रील्स तुम्हीही बघितल्या असतील. महादेवाने हलाहल प्राशन केलं ते समुद्रमंथनात सगळं जग होरपळत होतं म्हणून, आणि तेही कंठात अडवलं, खाली उतरू दिलं नाही. दुसऱ्याचं विष स्वतःकडे घेणारा तो देव. त्याच्या नावावर स्वतःत विष भरायचं आणि त्याचे चटके आई-बापाला द्यायचे, ही भक्ती उलटी झाली. विशी-बाविशीच्या आत नियमित गांजा ओढणाऱ्यांमध्ये भास होणं, सतत संशय येणं अशा मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगतं. घरात आधीच कुणाला असा आजार असेल तर जास्तच.

दुसरा गुरू: कबुतर

हा आठवा. कबुतराचं जोडपं रानात घरटं करून राहतं. पिल्लं होतात. एक दिवस पारधी जाळं टाकतो, पिल्लं अडकतात. आई ती तडफड बघून स्वतः जाळ्यात शिरते. मग नर आक्रोश करतो आणि जाळं दिसत असूनही त्यात उडी घेतो. पारध्याचं काम फुकटात होतं.

ही गोष्ट वाचून पूर्वी मला राग यायचा. पोरं अडकल्यावर आईने काय करायचं, बघत बसायचं? पण अवधूत प्रेमाला नावं ठेवत नाही, असं मला आता वाटतं. तो एवढंच दाखवतो की जाळ्यात उडी मारल्याने कुणीच सुटलं नाही. बाहेर राहिलेल्याकडे निदान चोच तरी असते.

व्यसनी माणसाच्या घरात ही उडी रोज घेतली जाते. नवऱ्याच्या साहेबाला बायको फोन करते, "यांना ताप आहे". आई मंगळसूत्र मोडून उधारी फेडते. बाहेर पडून बसतो म्हणून बाप घरीच बाटली आणून देतो. बहीण स्वतःचं लग्न पुढे ढकलते. प्रत्येक वेळी हेतू मायेचाच असतो. पण होतं असं की नशेची किंमत दुसराच भरत राहतो, आणि ज्याला भरायला हवी त्याच्यापर्यंत बिल कधी पोचतच नाही.

मग काय करायचं? माणूस आणि त्याचं व्यसन वेगळं धरायचं. जेवायला वाढायचं, पण हातात रोख पैसे द्यायचे नाहीत. दवाखान्यात सोबत जायचं, पण उधारी फेडायची नाही. खोटं बोलायचं नाही. तो नशेत असताना वाद, शपथा, रडणं, हिशोब यातलं काही करायचं नाही, कारण सकाळी त्याला आठवत नाही आणि तुम्हाला विसरता येत नाही. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, थोडं आणि नेमकं: "मंगळवारी तू पोराची फी प्यायलास. मला तुझी भीती वाटायला लागलीय. शुक्रवारी डॉक्टरकडे जाऊ, मी येतो." आणि मारहाण होत असेल तर आधी जाळ्यातून बाहेर पडायचं, लेकरांना घेऊन. तिथे सहन करणं हा धर्म नाही.

मधेच एक सावधगिरी: माळ आणि तिसरा दिवस

हे मी मुद्दाम ठळक लिहितोय, कारण आपल्या माणसांत हे फार कमी जणांना माहीत आहे.

आपल्याकडे दारू सोडायचा एक जुना आणि सुंदर मार्ग आहे: माळ घालणं. तुळशीची माळ गळ्यात आली की माणूस दारू-मटण सोडतो, आणि गावही त्याला आग्रह करायचं थांबवतं. असे हजारो संसार सावरलेत. गाडगेबाबांनी पोरीच्या बारशाला रिवाज मोडून मटण-दारूऐवजी गोड जेवण घातलं. कीर्तनातून व्यसनावर आसूड ओढण्याआधी त्यांनी हे स्वतःच्या अंगणात केलं होतं.

नात्यातले माझे एक मामा असेच. अठरा वर्षं रोजची दारू. एका दत्तजयंतीला दत्तशिखर चढले, माळ घातली आणि खाली येऊन बाटली फोडली. मामीने पेढे वाटले. पहिल्या रात्री दरदरून घाम, हात थरथरायला लागले. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या संध्याकाळी ते गोधडीवरच्या मुंग्या झटकायला लागले. मुंग्या नव्हत्याच. वारलेल्या आजोबांशी बोलायला लागले, आणि मग झटका आला. गल्लीत दोन मतं पडली. कुणी म्हणे बाहेरचं लागलं, कुणी म्हणे माळ झेपली नाही, देव कोपला. गाडी ठरत होती ती देवऋष्याकडे न्यायला.

शेजारच्या सिस्टरबाई आल्या, त्यांनी एकच विचारलं, "शेवटची कधी घेतली?" मामी म्हणाल्या, "तीन दिवस झाले, थेंब नाही." सिस्टर म्हणाल्या, "मग हे त्याचंच आहे. सरकारी दवाखान्यात चला, आत्ता." सलाईन, बी-वनची इंजेक्शनं, मेंदू शांत करणारी औषधं आणि ती रोज थोडी कमी करत न्यायची. पाच-सहा दिवसांत मामा माणसात आले. माळ आजही गळ्यात आहे.

आता याच्या मागचं कारण. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं दाब असला की मेंदूही उलट जोर लावून बसतो. एकाएकी दाब काढला की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या आसपास भास, गोंधळ, ताप. याने माणूस दगावू शकतो. झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तरी झटके येतात. 2015 मध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई झाली. त्या ताडीत गुंगीची औषधं मिसळलेली असायची. ताडी बंद होताच कित्येक जण थरथर, भास, झटके घेऊन दवाखान्यात आले, काही दगावले. त्या लोकांनी काही नवीन प्यायलं नव्हतं. रोजचं थांबलं, एवढंच.

म्हणून लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणारा माणूस सोडतो म्हणाला तर संकल्प देवासमोर करा आणि त्याच दिवशी डॉक्टरला भेटा. यात श्रद्धा कमी पडत नाही. आणि "न सांगता दारू सोडवा" अशी पावडर चहा-भाजीतून चोरून देऊ नका. दारू सोडवायचं एक औषध असं आहे की वर दारू गेली तर रक्तदाब कोसळतो, जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगूनच घ्यायचं असतं.

गर्द किंवा अफूच्या जातीच्या नशेचा धोका वेगळा आहे. ती सोडताना अंग मोडून निघतं, पण खरी भीती पुढे असते. महिनाभर बंद ठेवून पुन्हा जुन्या मापाने घेतली तर शरीराची ती सवय गेलेली असते आणि श्वास थांबतो. या नशेवरही औषधं आहेत, म्हणजे नुसतं दात-ओठ खाऊन सोसायची गरज नाही.

तिसरा गुरू: पिंगला

सतरावा गुरू. विदेहनगरीतली ही वेश्या. नटूनथटून दारात उभी राहते. एखादा धनवान येईल म्हणून वाट बघते. आत जाते, पुन्हा बाहेर येते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. अशी मध्यरात्र उलटते. आणि मग तिला स्वतःचाच वीट येतो. त्या विटातून तिला वैराग्य होतं, आशा सुटते, आणि ती शांत झोपते.

तिला कुणी उपदेश केला नव्हता. अवधूतानेही नाही. उलट त्यानेच तिला गुरू केलं.

पिंगलेचं ते आत-बाहेर म्हणजे सोडू पाहणाऱ्या माणसाचं मन. सोमवारी सोडतो, गुरुवारी घेतो. आपल्याला वाटतं खोटारडा आहे. पण दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो. पुन्हा घसरणं हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे, मधुमेहात साखर वर जावी तसा. घसरला म्हणून आधीचे तीन महिने वाया गेले नाहीत. कुठे घसरला, कोण सोबत होतं, पगाराचा दिवस होता का, हे शांतपणे बघायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

आणि तो मध्यरात्रीचा क्षण येतो, तेव्हा आपण तयार असायला हवं. तो "बस झालं आता" म्हणतो तो दिवस उजाडेपर्यंत टिकेलच असं नाही. त्या वेळी नंबर शोधत बसू नका, आधीच फोनमध्ये ठेवा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन 14446. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416, तिथे मराठीत बोलता येतं.

पोलिसांची भीती असते, तेही सांगतो. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. त्यातल्या कलम 64-अ मध्ये स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही येतो. त्यात रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. "मारून सरळ करतो" म्हणणारं केंद्र दिसलं तर पैसे भरू नका, तक्रार करा.

चौथा गुरू: भृंगी

हा शेवटचा, चोविसावा. भिंतीवरच्या घरात भृंगी अळीला कोंडते. अळी भीतीने सतत तिचंच ध्यान करते आणि त्याच देहात तिच्यासारखी होऊन जाते. अवधूत यातून सांगतो, मन जिथे अखंड लागतं, माणूस तसाच होतो.

व्यसनात हेच घडलेलं असतं: दिवसभर मनात एकच. मग सुटकाही याच वाटेने. नुसतं काढून घेतलं तर संध्याकाळी सात वाजता जे भोक पडतं त्यात काय भरायचं? तिथे माणसं लागतात, काम लागतं, नाम लागतं.

पुण्याचं मुक्तांगण मला याचं उत्तम उदाहरण वाटतं. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या पोरांवर लेखन केलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या प्रतिष्ठानाने एक लाख रुपये दिले आणि 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ते उभं केलं मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तिथे औषधांसोबत गटात बसून बोलणं, कामं वाटून घेणं, संगीत, व्यायाम, आणि बरं झालेल्यांनी नव्याने आलेल्यांना हात देणं आहे. बायकांसाठी "सहचरी" नावाचा गटही आहे. म्हणजे कबुतराच्या जोडीदाराचाही विचार आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही याच तत्त्वावर चालतात: नाव न विचारता, पैसे न घेता, एकाने दुसऱ्याला आपली गोष्ट सांगायची. आपल्या भाषेत सत्संग.

2019 मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून केलेला देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. दारूमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 5.7 कोटी लोक. आणि दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला. उरलेले 37 आपल्याच गल्लीत आहेत. त्यांना आपण "बेवडा" म्हणतो. हा शब्द तोंडातून काढून टाकला तरी जिभेवरचा पहिला विजय होईल, कारण लाजेने झाकलेला आजार दवाखान्यापर्यंत पोचत नाही.

आजची साधना

एक. जो आपल्या मनात आला, त्याचं नाव घेऊन दत्तप्रभूंसमोर एक माळ जप करा. "त्याला सुधार" एवढंच मागू नका. "मला जाळ्याबाहेर उभं राहायचं बळ दे" हेही मागा.

दोन. वरचे दोन नंबर फोनमध्ये टाका आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला "तिसरा दिवस" समजावून सांगा. हे ऐकून कुणाचा तरी जीव वाचू शकतो.

तीन. हे वाचणारा तुम्हीच तो मासा असाल तर, गळ लागला म्हणून मासा वाईट होत नाही. एकट्याने ओढू नका. आज एका माणसाला खरं सांगा, किती आणि कधीपासून. उरलेलं सोबत करू.

यदुराजाने अवधूताचं ऐकलं आणि तो आसक्तीतून सुटला, असं भागवत सांगतं. आधी त्याने थांबून विचारलं होतं, हेही विसरू नका. विचारायला लाज नाही.

श्री गुरुदेव दत्त.